स्वस्त विमानप्रवास आणि पेटंटचा कायदा

स्वस्त वस्तूचा स्वस्तपणा कोणाच्या पदरचा असतो, हा अर्थशास्त्रांतला जुना प्रश्न आहे. मंडईंतल्या भाजीपासून विमानाच्या तिकिटापर्यंत तो सर्वत्र विचारतां येतो. ज्या कुटुंबांत आगगाडीचा वरचा वर्ग हीच एके काळीं प्रवासाच्या ऐषआरामाची सीमा समजली जात असे, त्या कुटुंबांतील माणसें आज पुण्याहून दिल्लीस किंवा मुंबईहून कोलकात्यास विमानानें जातात आणि त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. हा पालट मुख्यतः स्वस्त भाड्याच्या विमान कंपन्यांनीं घडवून आणला. परंतु या कंपन्या ज्या हिशेबावर चालतात तो हिशेब अतिशय काटेकोर असतो, आणि त्या हिशेबांतील एक जोखीम प्रवाशाच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. ती जोखीम म्हणजे पेटंटच्या दाव्यांची. विमानाचें एंजिन, बसावयाचें आसन, आसनाजवळचें विजेचें सॉकेट, तिकिटें विकणारी संगणकांची यंत्रणा, यांपैकीं पुष्कळ वस्तूंमागें कोणाचा ना कोणाचा हक्क सरकार दरबारीं नोंदलेला असतो. तो हक्क कोण, केव्हां आणि कोणाविरुद्ध बजावील, हें विमान कंपनीच्या हातीं नसतें.

ही जोखीम समजण्यासाठीं प्रथम त्या धंद्याचें स्वरूप पाहिलें पाहिजे. स्वस्त विमानप्रवासाचा आजचा सांचा अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत तयार झाला. १८ जून १९७१ रोजीं साऊथवेस्ट या कंपनीनें डॅलस, ह्यूस्टन व सॅन अँटोनिओ या तीन शहरांमध्यें वाहतूक सुरू केली. पुढच्याच वर्षीं पैशाच्या अडचणीमुळें तिला आपल्या चार विमानांपैकीं एक विकावें लागलें. तथापि वेळापत्रक तिनें चार विमानांचेंच ठेवलें. उतरलेलें विमान अवघ्या दहा मिनिटांत रिकामें करून, पुन्हां भरून, उड्डाणास सिद्ध करावयाचें, या शिस्तीवर तिनें चौथ्या विमानाची उणीव भरून काढली. या अडचणींतून जो धडा निघाला तोच पुढें जगभर गिरविला गेला: विमान जमिनीवर उभें असतें तेव्हां तें पैसे खातें, आकाशांत असतें तेव्हां मिळवितें.

बाकीचे नियम याच एका तत्त्वाच्या पोटांतून निघतात. सर्व विमानें शक्य तोंवर एकाच जातीचीं ठेवावयाचीं, म्हणजे वैमानिकांचें शिक्षण, सुटे भाग आणि दुरुस्ती यांचा खर्च कमी होतो. वर्ग एकच ठेवून आसनें दाटीनें मांडावयाचीं. तिकीट कंपनीनें स्वतःच विकावयाचें, म्हणजे दलाली वांचते. भारतांत कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कननें २००३ मध्यें हा मार्ग चोखाळला. नोव्हेंबर २००५ मध्यें मुंबईच्या वाडिया समूहाची गोएअर आणि ऑगस्ट २००६ मध्यें इंडिगो या कंपन्या मैदानांत उतरल्या. यांतील बहुतेक विमानें कंपनीच्या मालकीचीं नसतात. तीं परदेशी धनकोंकडून भाडेपट्ट्यानें घेतलेलीं असतात. भाडें डॉलरांत ठरलेलें असतें आणि विमान उडो वा न उडो, तें दरमहा द्यावेंच लागतें. एका जातीच्या विमानांवर सर्व भिस्त, नफ्याची बारीकशी कड आणि डोक्यावर न थांबणारें भाडें, अशी ही रचना आहे. अशा धंद्याला नुकसानभरपाईच्या रकमेपेक्षांहि न्यायालयाचा मनाई हुकूम अधिक घातक ठरूं शकतो. कारण भरपाई एकदां देऊन मोकळें होतां येतें, परंतु एखादा भाग वापरूं नये असा हुकूम झाला, तर तो भाग ज्या ज्या विमानांत आहे तीं सर्वच एकदम अडचणींत येतात.

आतां पेटंट म्हणजे नेमकें काय, हें पाहूं जातां पुणें जिल्ह्यांतीलच एक उदाहरण उपयोगी पडतें. घोड नदीच्या काठीं असलेल्या इनामगांव येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं १९६८ ते १९८३ या काळांत उत्खनन केलें. सांकळिया, अन्सारी आणि ढवळीकर या विद्वानांच्या नांवाशीं तें कार्य निगडित आहे. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत तेथें शेतकऱ्यांची वस्ती नांदत होती. त्या वस्तींत कुंभाराची एक मोठी वर्तुळाकार भट्टी सांपडली. तिच्या काळचीं जोर्वे पद्धतीचीं तांबडीं, वर काळी नक्षी काढलेलीं भांडीं चांगलीं भाजलेलीं आणि खणखणीत वाजणारीं आहेत. नंतरच्या थरांतील भांडीं त्या मानानें ओबडधोबड आहेत. माती कशी मळावी, आंच किती द्यावी, हें त्या कुंभारांनीं कोठें लिहून ठेवलें नाहीं. त्यांच्याजवळ लिपीच नव्हती. संशोधकांना तें खापरांवरून आणि भट्टीच्या भिंतींवरून ताडावें लागलें. जी विद्या केवळ हातांत राहते ती हाताबरोबर जाते.

पेटंटचा कायदा या गोष्टीवरचा तोडगा आहे. संशोधकानें आपली युक्ति, जाणत्या माणसास ती करून पाहतां येईल इतक्या स्पष्टपणें, लिहून प्रसिद्ध करावी. त्याच्या मोबदल्यांत समाजानें त्याला ठराविक मुदतीपुरता तिचा एकाधिकार द्यावा. मुदत संपली कीं ती युक्ति सर्वांची. असा हा सौदा आहे. हिंदुस्थानांत तो १८५६ च्या कायद्यानें आला, आणि पहिला हक्क कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांना पंखा ओढण्याच्या यंत्राबद्दल मिळाला. आज १९७० चा कायदा चालू आहे आणि मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. हा एकाधिकार केवळ वस्तु बनविण्यापुरता नसतो, ती वापरण्यावरहि चालतो, ही गोष्ट येथें विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. दुसऱ्यानें बनविलेली वस्तु विकत घेऊन निर्धास्तपणें वापरणारा गिऱ्हाईकहि, ती वस्तु हक्क मोडून बनविलेली असेल तर, दाव्यांत ओढला जाऊं शकतो. विमान कंपनी स्वतः कांहींच बनवीत नाहीं. परंतु वापरते मात्र सर्व कांहीं.

विमान आणि पेटंटचा कज्जा यांचें नातें विमानाइतकेंच जुनें आहे. राइट बंधूंना २२ मे १९०६ रोजीं अमेरिकेंत जें पेटंट मिळालें तें उडत्या यंत्राचा तोल सांभाळण्याच्या रीतीबद्दल होतें. त्या हक्काच्या जोरावर त्यांनीं १९०९ मध्यें ग्लेन कर्टिस यांच्यावर दावा लावला, आणि १९१४ मध्यें अपिलाच्या न्यायालयानें राइट यांच्या बाजूनें कौल दिला. तथापि भांडण मिटलें नाहीं. १९१७ मध्यें अमेरिका महायुद्धांत पडली, तेव्हां लष्कराला विमानें हवीं होतीं आणि विमानें बनविणाऱ्यांचे हात परस्परांच्या हक्कांनीं बांधलेले होते. अखेर सरकारच्या आग्रहानें कारखानदारांनीं संघ स्थापून आपलीं पेटंटें एका सामाईक पेढींत ठेविलीं आणि ठराविक फी भरून तीं सर्वांनीं वापरावीं असें ठरलें. संशोधकाला न्याय मिळाला पाहिजे, परंतु त्या न्यायापायीं वाहतूकच थांबतां कामा नये, हें त्या प्रसंगानें उघड झालें.

वाहतुकीच्या बाबतींत आणखी एक पेंच आहे. पेटंट हा एका देशापुरता हक्क. वाहन मात्र देशोदेशीं फिरणारें. हा पेंच प्रथम जहाजांनीं उभा केला. १८५१ मध्यें इंग्लंडच्या बंदरांत येणाऱ्या डच जहाजांचे मळसूत्री पंखे हे इंग्रज मालकाच्या पेटंटचा भंग करतात, असें तेथील न्यायालयानें ठरविलें. दुसऱ्याच वर्षीं पार्लमेंटनें कायदा बदलून परदेशी जहाजांना मोकळीक दिली. कारण आज डच जहाज अडविलें तर उद्यां इंग्रज जहाज अडेल, हें व्यापाऱ्यांना कळत होतें. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १८५७ मध्यें बोस्टन बंदरांतील एका फ्रेंच जहाजाच्या बाबतींत हेंच तत्त्व स्वीकारलें. पुढें १९२५ मध्यें तें पॅरिसच्या औद्योगिक हक्कांच्या करारांत घालण्यांत आलें आणि ७ डिसेंबर १९४४ रोजीं शिकागो येथें झालेल्या नागरी विमानवाहतुकीच्या कराराच्या २७ व्या कलमांत त्याला पूर्ण रूप आलें. परदेशी विमान रीतसर परवानगीनें आलें असतां, त्याची रचना, यंत्र किंवा सुटे भाग आपल्या देशांतील पेटंटचा भंग करतात या सबबीवर तें जप्त करूं नये, अडवूं नये, किंवा त्याच्या मालकावर दावा करूं नये, असें तें कलम सांगतें. दुरुस्तीसाठीं साठविलेल्या सुट्या भागांनाहि हें संरक्षण आहे. मात्र ते भाग त्या देशांत विकतां येत नाहींत. भारताच्या १९७० च्या कायद्याचें ४९ वें कलम याच धर्तीचें आहे.

येथवर ऐकून असें वाटेल कीं विमान कंपनीला आतां भीति उरली नाहीं. परंतु हें संरक्षण पाहुण्याचें आहे, घरच्याचें नव्हे. मुंबईहून लंडनला जाणारें भारतीय विमान लंडनमध्यें पाहुणें असतें. पुण्याहून नागपूरला जाणारें भारतांत नोंदलेलें विमान कोठेंच पाहुणें नसतें. स्वस्त भाड्याच्या कंपन्यांचा मोठा व्यवहार देशांतर्गत असल्यामुळें त्यांना या कलमाचा आधार कमी मिळतो. शिवाय कलम विमानाविषयीं बोलतें; तिकीट विकणाऱ्या यंत्रणेविषयीं नाहीं.

ही उणीव भरून काढण्यासाठीं विमान विकत घेतांना करारांत हमी लिहून घेतात. पेटंटचा दावा आल्यास तो आपण लढवूं आणि खर्च सोसूं, असें वचन कारखानदार देतो. परंतु अशा हमीला अपवाद असतात आणि सारी गोम त्या अपवादांत आहे. एअरबसच्या प्रसिद्ध झालेल्या करारांत ही हमी एंजिनांना लागू नसते, कारण तीं दुसऱ्या कारखान्याचीं असतात. आणि गिऱ्हाईकानें स्वतः निवडून पुरविलेल्या सामानालाहि लागू नसते. आसनें, करमणुकीचीं यंत्रें असें सामान बहुधा याच वर्गांत मोडतें. म्हणजे ज्या वस्तूंच्या निवडीनें कंपनी आपलें वेगळेपण दाखविते किंवा दोन पैसे वांचविते, त्याच वस्तूंबद्दल तिला निराळी हमी मिळवावी लागते.

याचें जवळचें उदाहरण मुंबईच्या जेट एअरवेजचें आहे. ही कंपनी स्वस्त भाड्याची नव्हती. परंतु स्वस्त भाड्याची एक शाखा तिनें बाळगली होती आणि भारतीय विमान कंपनीला परदेशांतील पेटंटच्या कज्जाची झळ कशी लागते, हें तिच्या प्रकरणांत दिसतें. ब्रिटनच्या व्हर्जिन अॅटलांटिक कंपनीनें वरच्या वर्गासाठीं एक आसन काढलें होतें. प्रवाशानें उठून पाठीचा भाग उलटविला कीं त्याची सपाट शय्या होई, आणि आसनें तिरकीं मांडल्यानें जागेची बचत होई. ब्रिटनमधील कंटूर या कारखान्यानें तशाच मांडणीचीं आसनें बनवून इतर कंपन्यांना पुरविलीं. त्यांत जेट एअरवेजहि होती. २००९ मध्यें लंडनच्या अपील न्यायालयानें कंटूरविरुद्ध निकाल दिला. पुढें व्हर्जिननें ही आसनें घेणाऱ्या विमान कंपन्यांनाहि न्यायालयांत खेंचलें आणि जेट एअरवेजचें नांव प्रतिवादी म्हणून त्या खटल्याच्या मथळ्यावर आलें. पाहुण्या विमानाला मिळणारें संरक्षण त्या देशांतच बनवून विकलेल्या वस्तूला मिळत नाहीं, ही मेख येथें होती. दरम्यान २०१० मध्यें युरोपीय पेटंट कचेरीनें व्हर्जिनचा हक्क आंखडून टाकला. तेव्हां, जो हक्क मूळ रूपांत उरलाच नाहीं त्याच्या भंगाबद्दल भरपाई मागतां येते काय, असा प्रश्न निघाला. कारखान्याकडे मागितलेली रक्कम ४ कोटि ९० लक्ष पौंडांहून अधिक होती. २०१३ मध्यें ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानें ती मागतां येत नाहीं असा निर्णय दिला. निकाल आसन बनविणाऱ्याच्या बाजूनें लागला खरा, परंतु तो लागेपर्यंत कित्येक वर्षें वकिलांची फी आणि मनावरची टांगती तलवार कोणाला चुकली नाहीं.

आसनाजवळच्या विजेच्या सॉकेटचीहि हीच कथा आहे. प्लगच्या दोन्ही पिना एकाच वेळीं आंत गेल्या तरच वीज सुरू व्हावी, म्हणजे लहान मुलानें तार खुपसली तरी धक्का बसणार नाहीं, अशी एक युक्ति जर्मनीच्या लुफ्तान्झा टेक्निक कंपनीच्या नांवें नोंदलेली होती. या हक्काच्या भंगाबद्दल तिनें २०१५ मध्यें मानहाइम येथें आणि २०२० मध्यें लंडन येथें सामान बनविणाऱ्यांविरुद्ध निकाल मिळविले. प्रवाशाला जी सोय क्षुल्लक वाटते तिच्यावरून दोन देशांच्या न्यायालयांत वर्षानुवर्षें वाद चालला.

जोखमीचा दुसरा प्रांत संगणकाचा आहे आणि स्वस्त कंपन्यांशीं त्याचा संबंध अधिक निकट आहे. कारण दलालाला वगळून थेट विक्री करावयाची तर सर्व भार संगणकावर पडतो. इंटेलेक्च्युअल व्हेंचर्स ही अमेरिकन कंपनी स्वतः विमानें चालवीत नाहीं. ती पेटंटें विकत घेते आणि त्यांवर परवाना फी मागते. २०२४ च्या अखेरीस तिनें साऊथवेस्टवर टेक्सासमध्यें दावा लावला. त्यांतील तक्रार विमानांतील बिनतारी संदेशजाळें आणि कंपनीच्या संगणकव्यवस्थेंत वापरलेली, सर्वांस मोफत मिळणारी सॉफ्टवेअरें यांविषयीं आहे. मोफत मिळालेली वस्तु दावामुक्त असतेच असें नाहीं, हें यावरून दिसतें. प्रतिस्पर्ध्याशीं भांडण असेल तर त्याच्याकडेहि आपलीं पेटंटें पुढें करून तडजोड करतां येते. परंतु ज्याला दुसरा कोणताच धंदा नाहीं, त्याच्याशीं देवाणघेवाण कशाची करावयाची, हा येथला पेंच आहे.

या बाबतींत भारतीय कायदा निराळ्या वाटेनें गेला आहे. धंदा करण्याची पद्धति, नुसता संगणकाचा कार्यक्रम किंवा गणिती रीत यांना तिसऱ्या कलमाच्या एका पोटकलमान्वयें पेटंट मिळत नाहीं. आसनांचे भाव मागणीप्रमाणें चढविण्याउतरविण्याची नुसती रीत येथें कोणाच्या मक्त्याची होऊं शकत नाहीं. तसेंच परदेशांत अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेला अस्सल भाग येथें आणला तर तो हक्कभंग ठरत नाहीं, असें १०७ व्या कलमाला जोडलेल्या तरतुदींत म्हटलें आहे. सुट्या भागांवर जगणाऱ्या धंद्याला ही सवलत लहान नाहीं.

तिसरा प्रांत एंजिनाचा, आणि तेथें भीति दाव्यापेक्षां परावलंबनाची अधिक आहे. एंजिनें बनविणारे कारखाने जगांत मोजकेच. रोल्स रॉइस आणि प्रॅट अँड व्हिटनी हे दोन मातबर कारखाने २०१० मध्यें एंजिनाच्या पुढील पंख्याच्या पात्यांवरून एकमेकांविरुद्ध न्यायालयांत उभे राहिले आणि २०११ मध्यें त्यांनीं तडजोड केली. मोठ्यांचें भांडण मोठ्यांत मिटलें. परंतु पेटंटें, रचनेचीं गुप्त टिपणें आणि सुरक्षिततेचीं प्रमाणपत्रें मिळून एंजिनाभोंवतीं असें कुंपण उभें राहतें कीं बिघाड झाला असतां गिऱ्हाईकाला बहुधा मूळ कारखान्याकडेच जावें लागतें. गोएअरनें, म्हणजे २०२१ नंतरच्या गो फर्स्टनें, आपल्या नव्या विमानांसाठीं प्रॅट अँड व्हिटनीचें एंजिन घेतलें होतें. २ मे २०२३ रोजीं तिनें दिवाळखोरीच्या कायद्याखालीं स्वतःहून अर्ज केला. बदली एंजिनें वेळेवर न मिळाल्यामुळें ५४ विमानांपैकीं निम्मीं जमिनीवर बसलीं, असें तिचें म्हणणें होतें. कारखान्यानें हा दोष नाकारला आणि कंपनीनेंच देणीं थकविलीं असें उलट सांगितलें. खरेंखोटें कांहींहि असो, दुसऱ्या दिवसापासून उड्डाणें थांबलीं तीं पुन्हां सुरू झालीं नाहींत. जानेवारी २०२५ मध्यें कंपनी मोडींत काढण्याचा हुकूम झाला. हा पेटंटचा खटला नव्हता. परंतु एकाच जातीचें विमान आणि एकाच कारखान्याचें एंजिन, हा जो काटकसरीचा नियम, तोच अडचणीच्या दिवसांत फांस कसा होतो, हें त्यांत दिसलें. त्या फांसाची गांठ एकाधिकाराच्या दोरीचीच असते.

मग उपाय कोणता? पेटंट नाहींसें करणें हा नव्हे. कमी इंधनांत चालणारें एंजिन कोणी वीस वर्षें खपून तयार करतो म्हणूनच तिकीट स्वस्त होतें. त्याला मोबदला नको असें म्हणणें म्हणजे ज्या फांदीवर बसलों ती तोडणें होय. शहाणपण करारांत आहे. आसन विकणाऱ्याकडून आणि संगणकव्यवस्था पुरविणाऱ्याकडून स्वतंत्र हमी घेणें; हमी देणारा भरपाई देण्याइतका सधन आहे कीं नाहीं तें पाहणें; ताफा एका जातीचा ठेवला तरी एंजिनाच्या दुरुस्तीच्या मुदती आणि विलंबाचा दंड आधींच लिहून घेणें; या गोष्टी कंपनीला करतां येतात. सरकारनें परदेशी पाहुण्याला दिलेली मोकळीक आणि घरच्या उड्डाणाची जबाबदारी यांतील अंतर डोळ्यांआड करूं नये. न्यायालयांनींहि मनाई हुकूम देतांना, त्या हुकुमानें वादी-प्रतिवादींखेरीज तिसऱ्या कोणाचा प्रवास अडतो, याचा विचार करावा; जेथें पैशानें न्याय होण्यासारखा आहे तेथें तो पैशानेंच व्हावा.

कारण विमान कंपनी बुडते तेव्हां तिकिटाचे पैसे भरून बसलेला प्रवासी धनकोंच्या रांगेंत अगदीं शेवटीं उभा राहतो, आणि नोकराचा पगारहि थकलेला असतो. जेट एअरवेजचीं उड्डाणें १७ एप्रिल २०१९ रोजीं थांबलीं तेव्हां आणि गो फर्स्टच्या वेळीं हेंच घडलें. त्या आपत्ती पेटंटमुळें आल्या नव्हत्या, परंतु बारीक नफ्यावर चालणाऱ्या धंद्याला किती थोडा धक्का पुरतो, याचा त्या दाखला आहेत. इनामगांवच्या कुंभारानें आपली भट्टी कोणाच्या परवान्यावांचून पेटविली. तिची विद्या मात्र आज कोणापाशीं नाहीं. विमानाची विद्या पेटंटच्या कागदांत सुरक्षित आहे. ती सुरक्षित ठेवण्याची किंमत कोणी, किती आणि कोणत्या करारानें द्यावयाची, एवढेंच ठरावयाचें राहतें. आणि तें विमान आकाशांत असतां नव्हे, तर विकत घेण्यापूर्वीं कागदावर ठरलेलें बरें.